दुसऱ्याच्या वतीने

एका माणसाने दुसऱ्याच्या वतीने निर्णय घ्यावा, त्याच्या जमिनीचा, पैशाचा, औषधोपचाराचा आणि प्रसंगी त्याच्या राहण्याच्या ठिकाणाचाही विचार त्याच्याऐवजी करावा, याला कायदा पालकत्व म्हणतो. आणि ही गोष्ट घराघरांत इतकी सहज घडत असते की तिच्या मुळाशी असलेला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रत्येक माणूस स्वतःचा धनी असेल, तर दुसऱ्यावर चालणारा हा अधिकार येतो कोठून? तो बळातून येतो, रक्ताच्या नात्यातून येतो, राजसत्तेकडून मिळतो, की ज्याच्यावर तो चालवला जातो त्याच्याच एखाद्या हक्कातून निघतो? पहिल्या तीन उत्तरांना इतिहासात भरपूर आधार सापडतो. येथे चौथ्या उत्तराचा पक्ष मांडला आहे आणि त्यासाठी कोल्हापूरकडे पाहिले आहे, कारण गेल्या दीडशे वर्षांत या एका नगराने वेडा ठरवलेला छत्रपती, अज्ञान छत्रपती आणि न्यायालयांनी अज्ञानाच्या जागी मानलेली देवता असे तीन पाल्य पाहिले आहेत.

विचाराची सुरुवात शब्दांपासून करावी लागते. मराठी कायद्याच्या भाषेत अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला ‘अज्ञान’ आणि त्यानंतर ‘सज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशा मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा येतो आणि त्यापुढे आईचे, चुलत्याचे किंवा आजोबांचे नाव लागते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे ‘अपाक शेरा कमी करण्याचा’ अर्ज करतो. महसुली दप्तरातल्या या रूक्ष वाक्प्रयोगात पालकत्वाचे सगळे तत्त्वज्ञान सामावले आहे असे म्हटले तरी चालेल, कारण जमीन पहिल्या दिवसापासून मुलाचीच असते, पालकाचे नाव हा केवळ शेरा असतो आणि तो शेरा कधीतरी कमी व्हायचा आहे हे गृहीत धरूनच घातलेला असतो. ‘अधिकार’ या शब्दाचेही असेच आहे. आज त्याचा अर्थ सत्ता असा होतो. शास्त्रग्रंथांत तो मुख्यतः पात्रता या अर्थाने येतो, आणि एखाद्या कर्माचा अधिकारी म्हणजे ते कर्म करण्यास पात्र असलेला माणूस. पालकाची सत्ता ही पाल्याच्या पात्रतेतील उणिवेइतकीच असू शकते, तिच्याहून तसूभरही जास्त नाही, हा सिद्धान्त या शब्दाच्या दोन अर्थांतील अंतरातून आपोआप निघतो.

धर्मशास्त्राने या सिद्धान्ताची एक बाजू फार लवकर ओळखली होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अज्ञान मुलाला वारशाने आलेले धन राजाने राखावे, आणि तो गुरुगृहातून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत राखावे, असे सांगितले आहे. हा नियम ग्रंथात कोठे ठेवला आहे हे त्याच्या मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे. त्याच्या लगेच पुढे निराधार स्त्रियांच्या धनाचा नियम येतो आणि त्याला लागून हरवलेल्या वस्तूंचा, म्हणजे ज्यांचा मालक अजून सापडलेला नाही अशा वस्तू राजाने तीन वर्षे जपून ठेवाव्यात हा नियम येतो. स्मृतिकाराच्या मनात या सर्व गोष्टी एकाच वर्गातील होत्या: मालक आहे, पण तो आज पुढे येऊन आपला हक्क सांगू शकत नाही. त्या स्त्रियांच्या धनाला हात घालणारे नातेवाईक चोराच्या दंडास पात्र ठरतात, आणि बालकाचे धन दुसऱ्याने कितीही वर्षे भोगले तरी त्यावरचा मूळ हक्क बुडत नाही, असेही त्याच अध्यायात आहे. नारदस्मृतीने आठव्या वर्षापर्यंत बालकाला गर्भस्थासारखे मानले आणि सोळाव्या वर्षानंतर त्याला व्यवहार कळू लागतो असे धरले. व्यवहार म्हणजे येथे कायदेशीर देवघेव. तेथपर्यंत न पोचलेल्याला संस्कृत ग्रंथ ‘अप्राप्तव्यवहार’ म्हणतात, आणि हा शब्द ‘अज्ञान’पेक्षा अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात मुलाच्या बुद्धीवर ठपका नाही, फक्त अजून न आलेल्या एका टप्प्याचा उल्लेख आहे.

कौटिल्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. अप्राप्तव्यवहार मुलाचा वाटा, देणी फेडून, आईकडच्या नातेवाइकांकडे किंवा गावातील वृद्धांकडे ठेवावा असे अर्थशास्त्र सांगते. आईकडचेच का? ग्रंथात कारण दिलेले नाही. परंतु पितृवंशातून चालणाऱ्या वारसाहक्कात मुलगा मेला तर ज्याला मालमत्ता मिळेल तो बहुधा चुलता किंवा चुलतभाऊ असतो, मामा क्वचितच, हे ध्यानात घेतले की या नियमामागची सावधगिरी दिसू लागते. पाल्याच्या मरणातून ज्याचा लाभ होऊ शकतो त्याच्या हाती पाल्याचे जीवन देऊ नये. इंग्लंडमध्ये ही सावधगिरी पाळली गेली नाही असे नाही, परंतु तेथील राजांनी सरदारांच्या अज्ञान वारसांचे पालकत्व ही विकण्याची वस्तू बनवली होती. १५४० मध्ये स्थापन झालेले कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे तिथल्या राजाच्या उत्पन्नाचे साधन होते आणि १६६० मध्ये ते बंद करावे लागले. त्याच देशाच्या जुन्या विधीत जन्मतः मंदबुद्धी आणि मागाहून वेड लागलेला असा भेद होता; पहिल्याच्या जमिनीचे उत्पन्न राजा स्वतः घेई, दुसऱ्याची जमीन मात्र तो बरा झाला तर परत द्यायची म्हणून राखून ठेवी. परत देण्याची शक्यता जेथे मनातून पुसली जाते तेथे पालकत्व आणि मालकी यांतला फरकही पुसला जातो, याचा हा जुना दाखला होय.

परंतु भारतीय परंपरेचे गुणगान येथेच थांबवले पाहिजे. बालकाच्या बाबतीत एवढी दक्षता दाखवणारे धर्मशास्त्र वेड्या, जन्मांध, बहिऱ्या, मुक्या आणि असाध्य रोग जडलेल्या माणसाला वारशाचा वाटाच नाकारते. मनूने आणि याज्ञवल्क्याने त्यांना जन्मभर अन्नवस्त्र देण्याचे कर्तव्य कुटुंबावर घातले आहे आणि ते न पाळणारा पतित होतो असेही मनूने म्हटले आहे. पण पोसणे वेगळे आणि हक्क मानणे वेगळे. बालकाचे धन राखायचे कारण ते त्याचे आहे, आणि वेड्याला जेवू घालायचे कारण पोसणाऱ्याला पाप लागू नये, या दोन भूमिकांमध्ये मोठे अंतर आहे. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा ही टीका पुढे मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याचा मुख्य आधार झाली आणि तिच्याबरोबर हा नियमही चालत राहिला. १९२८ च्या कायद्याने तो जन्मापासून वेड्या किंवा मंदबुद्धी असलेल्यांपुरता आकुंचित झाला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने कोणत्याही रोगामुळे, व्यंगामुळे वा विकृतीमुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरवून तो संपवला. अवघ्या दोन-तीन पिढ्यांचा हा बदल आहे, आणि समाजाच्या मनात तो अजून पुरता मुरलेला नाही.

हा मुरलेला नसलेला भाग कोल्हापूरच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी युरोपच्या प्रवासात इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागे नारायणराव या मुलाला दत्तक घेऊन १८७१ मध्ये चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांचे बालपण आणि शिक्षण इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली गेले. पुढे त्यांच्या मनाचा तोल गेला आहे असे सरकारने ठरवले, आणि १८८२ मध्ये कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे यांना रीजंट, म्हणजे राजाच्या नावाने राज्य चालवणारा प्रतिनिधी, नेमण्यात आले. अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण, ज्याचे अज्ञानपण संपण्याच्या बेतात होते, तो त्याच उंबरठ्यावर दुसऱ्या आणि अधिक कठोर पालकत्वात गेला. पहिल्या पालकत्वाला निदान अंताची तारीख होती, दुसऱ्याला ती नव्हती.

महाराजांना कारभाऱ्यांकडून छळले जात आहे असा समज महाराष्ट्रात पसरला होता. १८८१ मध्ये नुकत्याच सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी त्याला वाचा फोडली आणि कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती बनावट असल्याचे निष्पन्न झाले. या वृत्तपत्रांचे संपादक टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली तरी दावा मागे घेण्यात आला नाही आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या खटल्याचे वर्णन सामान्यतः दोन तरुण संपादकांच्या देशभक्तीची पहिली कसोटी म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पालकत्वाच्या दृष्टीने पाहता त्यातली अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. त्या खटल्यात बर्व्यांची अब्रू पणाला लागली होती, संपादकांचे स्वातंत्र्य पणाला लागले होते, बनावट पत्रांच्या अस्सलपणाची चौकशी झाली होती; ज्याच्या हालअपेष्टांवरून हे सगळे उद्भवले तो तरुण मात्र त्या खटल्यात पक्षकारही नव्हता. त्याच्या वतीने उभा राहील असा, ज्याला कायद्याच्या भाषेत वादमित्र म्हणतात, म्हणजे जो स्वतः दावा चालवू शकत नाही त्याचा दावा निःस्वार्थपणे चालवणारा माणूस, त्याला मिळाला नाही. वृत्तपत्रांनी ती जागा भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि पुराव्याच्या कच्चेपणामुळे तो फसला.

१८८३ मध्ये महाराजांना कोल्हापुरातून हलवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे ग्रीन नावाचा गोरा शिपाई त्यांच्या पहाऱ्यावर होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. प्लीहा फुटल्याचे शवचिकित्सेत आढळले. त्यांचे वय वीस वर्षांचे होते. ते खरोखर किती आजारी होते, त्यांच्या आजारात वाढत्या वयातील एकटेपणाचा आणि पहाऱ्याचा वाटा किती होता, याचे उत्तर आज देता येत नाही आणि त्याचे कारणच या निबंधाचा गाभा आहे: त्यांच्याविषयीचे सरकारी दप्तर ज्यांनी लिहिले तेच त्यांना ताब्यात ठेवणारे होते. पालक हाच साक्षीदार, पालक हाच वैद्य नेमणारा आणि पालक हाच अहवाल स्वीकारणारा, अशी रचना झाली की पाल्याच्या बाजूचे सत्य नष्टच होते, मग पालकाचा हेतू कसाही असो. जयसिंगराव घाटगे हे कर्तबगार प्रशासक होते. महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी जयसिंगरावांचाच ज्येष्ठ पुत्र यशवंतराव याला दत्तक घेतले आणि तो शाहू महाराज म्हणून गादीवर आला. यातून कोणावर कसलाही ठपका ठेवण्याचे कारण नाही. परंतु कौटिल्याचा नियम कशासाठी असतो हे यावरून समजावे. तो नियम वाईट माणसांपासून जेवढे रक्षण करतो तेवढेच चांगल्या माणसांना संशयापासून वाचवतो.

दुसऱ्या पाल्याची कथा वेगळ्या वळणाने गेली. शाहू महाराज दत्तक आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. १८८६ मध्ये जन्मदाते वडीलही वारले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले, स्टुअर्ट फ्रेजर या शिक्षकाने त्यांना घडवले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची पूर्ण सत्ता त्यांच्या हाती आली. त्याच इंग्रज सरकारचे, त्याच गादीवरचे, जवळजवळ त्याच माणसांनी चालवलेले हे पालकत्व यशस्वी ठरले, याचे श्रेय शिक्षकांना आणि स्वतः महाराजांच्या पिंडाला द्यावेच लागते. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. या पालकत्वाचा शेवट ठरलेला होता, आणि प्रत्येकजण त्या दिवसाकडे पाहत काम करत होता. मुलाच्या पालकाचे यश तो अनावश्यक होण्यात असते. ज्याची गरजच संपू नये अशी ज्या पालकाची इच्छा असते तो पालक मनाने मालक झालेला असतो.

स्वतः पाल्य राहिलेल्या या राजाने पुढे आईवडिलांच्या अधिकारालाही मर्यादा घातल्या, ही बाब त्यांच्या सामाजिक सुधारणांच्या मोठ्या यादीत काहीशी झाकली जाते. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळच्या शेतमजुराला तो रुपया जड होता आणि कायद्याला तो जड असावा असेच वाटत होते. मुलाची गुरे राखण्याची मजुरी घराला उपयोगी पडते, पण मुलाचा उपयोग घराला व्हावा म्हणून आईबापाचा अधिकार नसतो, असा त्या दंडाचा अर्थ होता. १९२० मध्ये संस्थानाने मुली देवाला वाहण्याच्या, जोगतीण आणि मुरळी बनवण्याच्या, प्रथेविरुद्ध कायदा केला, आणि येथे प्रश्न थेट धर्माशी भिडला. नवस आईबापांचा, आजार घरातल्या कोणाचा, कोप देवीचा, आणि फेड मात्र मुलीच्या सबंध आयुष्याची. बोलणाऱ्याला स्वतःच्याच देहाने आणि धनाने फेडता येईल असा नवस हा भक्तीचा विषय आहे. दुसऱ्याच्या आयुष्याने फेडायचा नवस हा पालकत्वाचा अपहार आहे, आणि कोणतीही देवता त्याला साक्षी ठेवल्याने तो पवित्र होत नाही.

पालकत्वाची भाषा व्यक्तींपुरती राहत नाही, हेही कोल्हापूरने अनुभवले. १८३८ मध्ये अज्ञान राजा गादीवर आल्यानंतर इंग्रजांनी आपल्या पसंतीचा कारभारी बसवला आणि १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांवरच्या रक्षकांनी, बंड केले. राजा अज्ञान असला की संस्थानावर वरिष्ठ सत्तेचा ताबा घट्ट होतो, हा धडा सर्व संस्थानांनी घेतला. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्याचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडताना त्यातून मुलांना वगळले, आणि त्याच ओघात मागासलेल्या अवस्थेतील समाजांनाही वगळले. तो स्वतः अनेक वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता. संपूर्ण देशाला अज्ञान ठरवणारा पालक आपण कधी जाणार याची तारीख देत नाही. टिळकांच्या पिढीला कोल्हापूरच्या महाराजांच्या कैदेत स्वतःची कैद दिसली ती याच कारणाने.

तिसरा पाल्य सर्वांत विलक्षण आहे. करवीरनिवासिनी अंबाबाई ही भक्तांसाठी जगाची आई आहे. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र हिंदू देवता ही कायदेशीर व्यक्ती असते, ती मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते, पण स्वतः बोलू शकत नसल्याने तिची स्थिती अज्ञान मुलासारखी मानली जाते आणि तिच्या वतीने कोणीतरी व्यवस्थापक काम पाहतो. ज्या मातेपुढे लाखो माणसे स्वतःला लेकरू म्हणवतात तिला अज्ञान म्हणणे वरवर पाहता अवमानाचे वाटेल. पण थोडा विचार केला तर यातून एक मोलाची गोष्ट हाती लागते: अज्ञान असणे म्हणजे कमी प्रतीचे असणे नव्हे. पराधीनता हा मूल्याचा नव्हे, बोलण्याच्या साधनाचा प्रश्न आहे, हे कायद्याने देवतेच्या निमित्ताने का होईना मान्य केले आहे.

देवतेच्या पालकत्वाविषयी न्यायालयांनी जे म्हटले ते माणसांच्या बाबतीत म्हटले असते तर किती बरे झाले असते, असेही अनेकदा वाटते. १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्यातील एका कुटुंबाच्या कुलदेवतेचा वाद आला. कुटुंबातील एका शेबायताला, म्हणजे देवतेच्या सेवेचा आणि मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याला, मूर्ती आपल्या घरी न्यायची होती. मूर्ती ही कोणाच्या मर्जीप्रमाणे हलवायची वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा विचार केला पाहिजे आणि त्यासाठी न्यायालयाने निःस्वार्थ वादमित्र नेमून तिला स्वतंत्रपणे पुढे आणावे, असा निर्णय झाला. कोल्हापूरच्या महाराजांना नगरच्या किल्ल्यात हलवल्यानंतर बेचाळीस वर्षांनी पाषाणाच्या किंवा धातूच्या मूर्तीला तो हक्क मिळाला, जो हाडामांसाच्या छत्रपतीला मिळाला नव्हता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले: व्यवस्थापकच देवतेच्या हिताविरुद्ध वागत असेल तर साधा भक्तही तिच्या वतीने दावा लावू शकतो. मुदतीच्या कायद्यात मात्र देवतेला अज्ञान मुलाची सवलत मिळत नाही.

अंबाबाईच्या मंदिरात हे प्रश्न पुस्तकी राहिलेले नाहीत. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती, परंपरेने पूजा करणारे श्रीपूजक, राज्य सरकार आणि भक्त हे चौघेही देवीच्या वतीने बोलण्याचा हक्क सांगतात. मूर्तीची झीज रोखण्यासाठी २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संवर्धन झाले तेव्हा, आणि २०१७ मध्ये देवीला घागरा-चोली नेसवल्यावरून आंदोलन झाले तेव्हाही, वादाचे मूळ एकच होते: जी बोलत नाही तिच्या देहाविषयी आणि वेशाविषयी कोणी ठरवायचे? २०१८ मध्ये विधिमंडळाने या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. या वादांत कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्याची ही जागा नव्हे. एवढे मात्र खरे की, देवीच्या पालकांना प्रश्न विचारणारे शहर जागे आहे, आणि म्हणून तिच्या पालकत्वावर रोज देखरेख होते. घराच्या मागच्या खोलीत पडून असलेल्या माणसाच्या पालकाला प्रश्न विचारायला आंदोलन होत नाही.

त्या माणसाचा विचार तत्त्वज्ञानाने कसा केला आहे? अद्वैत वेदान्तात जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्था येतात आणि त्या तिन्हींत न बदलणारा साक्षी, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य, हाच आत्मा मानला जातो. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेचा वेगळा विचार आहे: मूर्च्छित माणूस जागा नाही, स्वप्नात नाही, झोपलेला नाही आणि मेलेलाही नाही, म्हणून त्याची अवस्था अर्धवट लयाची मानावी असा निर्णय तेथे दिला आहे. आचार्यांसमोर कृत्रिम श्वासाची यंत्रे नव्हती, तरी बेशुद्ध माणसाला मृतांत न मोजण्याची ही काटेकोर दक्षता आज अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला उपयोगी पडावी अशी आहे. अज्ञान हे आत्म्याचे स्वरूप नसून त्यावरचे आवरण आहे, असे वेदान्त म्हणतो. कायद्याच्या अज्ञानालाही हेच लागू करता येईल. आवरण जाड असो वा पातळ, कायमचे असो वा तात्पुरते, खालचा माणूस तोच राहतो. महानुभाव पंथाने तर याहून धीट विचार केला. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे वागणे लौकिक अर्थाने वेड्याचे होते, आणि म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात गाव त्यांना सांभाळते, रागावते, जेवू घालते आणि त्याच वेळी आपले आईबाप मानते. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक ग्रंथ वेडसर ठरलेल्या माणसाच्या प्रेमाने भरलेला आहे, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षांहून थोडा कमी काळ, त्याच रुग्णालयात अचेतप्राय अवस्थेत होत्या. त्यांचा जीवनाधार काढण्याच्या याचिकेवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा ती याचिका करणाऱ्या, त्यांच्याविषयी पुस्तक लिहिलेल्या लेखिकेपेक्षा वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने त्यांच्या वतीचे म्हणणे मानले. आणि तरीही अशा निर्णयाला उच्च न्यायालयाची मान्यता आवश्यक ठरवली. या निर्णयात पालकत्वाची दोन्ही अंगे एकत्र आली आहेत. बोलण्याचा हक्क रक्तापेक्षा सेवेतून येतो, आणि सेवा कितीही निर्मळ असली तरी ती तिऱ्हाइताच्या तपासणीतून सुटत नाही.

गीतेतील योगक्षेम या शब्दाची फोड भाष्यकार अशी करतात की जे मिळालेले नाही ते मिळवून देणे हा योग आणि मिळालेले राखणे हा क्षेम. आपल्याकडील पालकत्वाचे कायदे दीर्घकाळ क्षेमापुरते पाहत होते. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम यांत मुलाचे हित सर्वोपरी मानले असले आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याची स्थावर मालमत्ता विकण्यास पालकाला मनाई असली, तरी आईला वडिलांच्या नंतरचे स्थान होते. महाराणी ताराबाई आणि त्यांच्यानंतर करवीरच्याच महाराणी जिजाबाई यांनी अज्ञान मुलांच्या नावाने राज्य चालवलेल्या कोल्हापुरातही कायद्याच्या कागदावर आई दुय्यमच राहिली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ वडील हयात असतानाही त्यांच्या अनुपस्थितीत असा लावून ती उणीव काही प्रमाणात भरून काढली. सज्ञान पण अक्षम व्यक्तींसाठी त्याच वर्षी राष्ट्रीय न्यास अधिनियम आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी जिल्हा पातळीवरच्या समितीने पालक नेमावा, त्या समितीत जिल्हा दंडाधिकारी, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असावी, आणि पालकाने मालमत्तेचा हिशेब द्यावा, अशी त्याची योजना आहे. पालकाचा न्याय करणाऱ्यांत स्वतः पाल्याच्या जागी असू शकणारा माणूस बसवणे हा या कायद्यातील फार शहाणपणाचा भाग होय.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘मर्यादित पालकत्व’ ही कल्पना आणली: ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता, आणि दोघांनी मिळून निर्णय घेण्याच्या पद्धतीने, पाल्याच्या इच्छेनुसार चालणारा आधार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने आजारी पडण्यापूर्वीच आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे लिहून ठेवण्याचा हक्क दिला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळाशी तुलना करता हे अंतर प्रचंड आहे. तरी एक भगदाड उरले आहे: १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी न्यायालयीन चौकशीची तरतूद होती, ती २०१७ च्या कायद्यात नाही; आणि अपघाताने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने कोमात गेलेल्या सज्ञान माणसाच्या बँकेतील पैशाला त्याच्याच उपचारासाठी हात लावायचा, तर पत्नीला किंवा मुलाला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. नातेवाईक म्हणून सही चालत नाही, आणि ती चालू नये हेच योग्य आहे. पण जेथे जाऊन हिशेबाला उभे राहायचे ते दार जवळ असले पाहिजे. वर्षानुवर्षे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील अशा कुटुंबांना ते दार मुंबईत होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे, आणि ते शहरातील सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते.